काळजीवाहकाची वही

ह्यांचं दुखणं आधी मी मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये लिहिलं आणि मग ते आमच्या घरात आलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. ती पुण्यात असते, प्रत्येक गोष्टीला शास्त्रीय कारण शोधते आणि मला वेड्यात काढेल. कारण असेलही. पण ते वीस दिवस मी विसरलेले नाही आणि खरं सांगायचं तर ते अजून पुरते गेलेलेही नाहीत.

आम्ही बडोद्याला तरसालीत राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. शहरातल्या वाडी भागातल्या एका मराठी शाळेत मी सव्वीस वर्षं गणित शिकवलं. वर्गात बाकांपेक्षा मुलं कमी झाली, मग शाळाच बंद पडली आणि मी घरी आले. हे मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. सकाळी बाजार, दुपारी झोप, संध्याकाळी गॅलरीतल्या हिंचक्यावर बसून खाली कोण चाललंय ते बघणं, असा त्यांचा दिवस. माझा दिवस कसा जायचा ते मी सांगत नाही, कारण जातच नव्हता.

समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती सुनेने माझ्या फोनमध्ये ते अ‍ॅप टाकून दिलं. "काकी, तमे पण करो ने. टाइमपास थाय अने रिचार्जेय मळे." प्रश्नांची उत्तरं द्यायची, पॉइंट जमवायचे, पुरेसे झाले की रिचार्ज नाहीतर कसलं तरी कूपन. मला वाटलं, यात काय मोठंसं. जन्मभर मी प्रश्न विचारले, आता उत्तरं देऊ.

पण त्या अ‍ॅपला माझी उत्तरं नकोच होती. सुरुवातीला वय विचारायचं आणि वय लिहिलं की लगेच पडद्यावर यायचं, "क्षमस्व, आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही." मी शाम्पूसाठी पात्र नाही, बिस्किटांसाठी पात्र नाही, चहासाठीसुद्धा नाही. साठीच्या बायका चहा पीत नाहीत असं या अ‍ॅपवाल्यांना कोणी सांगितलं? मला भयंकर राग आला. त्या रागात मी वय चाळीस लिहिलं आणि धडाधड प्रश्न यायला लागले.

मग मी सुटलेच. अ‍ॅपवर मला दोन वर्षांचं मूल झालं, दारात गाडी आली, एक कुत्रा आला. कुत्र्याला काय काय आवडतं ते मी एका दुपारी वीस मिनिटं सांगत बसले होते. मात्र अ‍ॅपही वस्ताद. मधेच विचारायचं, "आपण लक्षपूर्वक वाचत आहात हे दाखवण्यासाठी 'कधीकधी' हा पर्याय निवडा." आणि गेल्या आठवड्यातला कुत्रा या आठवड्यात मांजर झाला की सरळ बाहेर. म्हणून मी शाळेतली एक कोरी राहिलेली हजेरीची वही काढली आणि कधी काय खोटं सांगितलं ते तारीखवार लिहून ठेवू लागले. खोटं बोलायचं तर निदान नीट बोलावं, असं आपलं मला वाटलं.

गणपतीच्या आठ दिवस आधी एक वेगळंच सर्वेक्षण आलं. पन्नास दिवस, रोज दुपारी एक नोंद, आणि शेवटपर्यंत टिकलं तर नव्या मिक्सरचं कूपन. आमच्या मिक्सरचं भांडं गळायचं, चटणी वाटली की ओट्यावर ओघळ. शिवाय या एका सर्वेक्षणाला माझं खरं वय चालत होतं. पहिला प्रश्न होता, "आपल्या घरात हृदयरोगाचा रुग्ण आहे का?" मी 'हो' दाबलं. दुसरा प्रश्न, "रुग्णाशी आपलं नातं?" खाली यादी होती: पती, वडील, सासरे, इतर. सासरे लिहिले असते तर काही बिघडलं नसतं, ते जाऊन पंधरा वर्षं झाली होती. पण पुढे विचारलं होतं, रुग्ण आपल्यासोबत एकाच घरात राहतो का, त्याचं वय काय, उंची काय, तो दिवसभर काय करतो. डोळ्यांसमोर एकच माणूस होता. तो आत घोरत होता. मी 'पती' दाबलं.

तेव्हाच मला सासूबाई आठवल्या होत्या. त्या म्हणायच्या की घराची वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते, माणसाने घरात बोलताना भान ठेवावं. त्यांच्यापुढे तांदूळ संपले म्हणायची सोय नव्हती, तांदूळ वाढले म्हणायचं. शाळेत निघताना 'जाते' म्हटलं की जिन्यातून परत बोलवून 'येते' म्हणायला लावायच्या. मी गणिताची बाई, मनातल्या मनात हसायचे. पण कुणाच्या आजारपणाबद्दल घरात वेडंवाकडं बोलायला माझीही जीभ कधी उचलली नाही. त्या दुपारी मी स्वतःची समजूत घातली की बोटाने दाबणं म्हणजे काही बोलणं नव्हे. वास्तूला वाचता कुठे येतं?

अ‍ॅप मला आता 'काळजीवाहक' म्हणू लागलं. हे मराठी कोणी केलं होतं देव जाणे. दुपारी हे झोपले की मी स्वयंपाकघरात बसून प्रश्न सोडवायचे. रुग्ण जिना चढताना मध्ये थांबतो का? कधीच नाही, कधीकधी, नेहमी, सांगता येत नाही. मी विचार करायचे, खरं वाटायला हवं, एकदम 'नेहमी' नको. 'कधीकधी' दाबायचे आणि वहीत लिहायचे. पायांवर मोज्यांचे वळ उठतात का? 'थोडे', असं मी गौरी जेवल्या त्या दिवशी लिहिलं. रुग्ण जेवण अर्धवट टाकतो का? तेही लिहिलं. मला ते जमत होतं. माझा आजारी माणूस इतका खरा झाला होता की मला त्याची थोडी कीव यायची.

पितृपक्षाच्या चौथ्या की पाचव्या दिवशी प्रश्नाच्या जागी एक माइकचं चित्र आलं. "आज रुग्णाच्या प्रकृतीबद्दल आपल्या शब्दांत बोलून सांगा." दुप्पट पॉइंट. मी दार लोटून घेतलं, फोन तोंडाजवळ धरला आणि मोठ्याने म्हणाले, "माझ्या यजमानांना हल्ली दम लागतो. रात्री आडवं पडलं की जास्त होतो. ते सांगत नाहीत, पण मला कळतं."

बोलून झालं आणि स्वयंपाकघर एकदम गप्प झाल्यासारखं वाटलं. फ्रिजची घरघर तेवढी चालू होती. पितृपक्ष, दुपारची वेळ, आणि मी माझ्याच तोंडाने हे बोलले होते. मी रेकॉर्डिंग पुसायला बघितलं, पण ते गेलं होतं. "धन्यवाद, काळजीवाहक," असं पडद्यावर आलं.

आतून ह्यांनी हाक मारली. "अगं, ऐकतेस का? अजून एक उशी दे ने."

मी तशीच दारात उभी राहिले. पस्तीस वर्षांत हे एका उशीवर झोपत आले, तीही पातळ लागायची. "कशाला हवी?" मी विचारलं.

"अशीच. आडवं पडलं की बरं वाटत नाहीये."

मी उशी दिली. अभ्रा उलटा चढवला होता. "काय झालं तुला?" ते म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं.

आता कोणीही शहाणी बाई काय करेल? नवऱ्याला उठवेल, रिक्षात घालेल आणि डॉक्टरकडे नेईल. मी सव्वीस वर्षं मुलांना सांगितलं की उदाहरण नीट वाचा, काय दिलंय आणि काय काढायचंय ते बघा. आणि मी काय केलं? जिथे बिघडवलं तिथेच दुरुस्त करायला बसले. तोंडातून गेलेलं तोंडानेच परत घ्यावं, असं माझ्या डोक्याने घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मी अ‍ॅपवर लिहायला लागले की रुग्णाची प्रकृती सुधारते आहे. दम लागत नाही. सूज नाही. जेवण चांगलं जातं. प्रत्येक उत्तर दाबताना मी ते मोठ्याने म्हणायचे, भिंतीकडे तोंड करून. देवापाशी दिवा लावताना म्हणायचे, ओटा पुसताना म्हणायचे. डॉक्टरांचं नाव काढायची मला भीती वाटत होती. डॉक्टरांकडे जायचं म्हणजे आजार आहे असं कबूल करायचं, आणि ते घरात कसं कबूल करू?

ह्यांना काही विचारायचीही सोय नव्हती. ह्यांचे खापरपणजोबा संस्थानच्या पागेत शिलेदार होते आणि त्यांची तलवार आमच्या टीव्हीच्या वर टांगलेली आहे. त्या तलवारीच्या जिवावर हे साधी सर्दीसुद्धा मान्य करत नाहीत. एकदा धीर करून मी म्हटलं, "अहो, चेहरा उतरलाय तुमचा."

"दादर चढून आलो ना आत्ता, म्हणून. भाजीची पिशवी तू चढवून बघ तीन मजले."

मी त्यांच्या आमटीतलं मीठ कमी केलं, कारण अ‍ॅपच्या एका प्रश्नात मिठाचं आलं होतं. सकाळी हे बाजारातून परतायची वेळ झाली की मी दाराच्या आत कान देऊन उभी राहायचे. पहिला मजला. दुसरा. तिथे पावलं थांबायची. मी मनात म्हणायचे, शेजाऱ्यांशी बोलत असतील. पण बोलण्याचा आवाज यायचा नाही. पावलं पुन्हा सुरू झाली की मी पळत जाऊन गॅससमोर उभी राहायचे आणि दुपारी अ‍ॅपवर लिहायचे, रुग्ण न थांबता जिना चढतो. वही तर मी पर्समध्येच ठेवायला लागले, ह्यांच्या हाती लागू नये म्हणून. असे वीस दिवस मी काढले. नवरात्र बसलं, अख्खं बडोदं नटूनथटून फिरत होतं आणि मी भिंतींना सांगत होते की आमच्याकडे सगळं ठीक आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्राची पूजा असते. तलवार उतरवायचा मान ह्यांचा. सकाळी अंघोळ करून, सोवळं नेसून ते स्टुलावर चढतात, तलवार खाली घेतात, तेलाच्या फडक्याने पुसतात आणि पाटावर ठेवतात. लग्न होऊन आले तेव्हापासून दुसऱ्या कोणी तिला हात लावलेला मी पाहिलेला नाही. मुलगी लहानपणी एकदा हात लावायला गेली तर हे तिच्यावर ओरडले होते. त्या दिवशी मी पाट मांडला, झेंडूची फुलं ठेवली, स्टूल आणलं. हे सोवळ्यात येऊन स्टुलाशी उभे राहिले. वर बघितलं. मग खुर्चीवर बसले.

"यंदा तूच काढ," ते म्हणाले.

त्या प्रश्नावलीतला एक प्रश्न मला तोंडपाठ होता. रुग्ण नेहमी स्वतः करत असलेली कामं इतरांना सांगू लागला आहे का? मी ह्यांच्या पायांकडे बघितलं. घोट्यापाशी पाय फुगले होते, कातडी चकाकत होती. मी स्टूल बाजूला सरकवलं आणि म्हटलं, "तलवार राहू दे. शर्ट घाला."

"पूजा?"

"शर्ट घाला म्हटलं ना."

त्यांनी मुकाट्याने शर्ट घातला. त्याने माझा उरलासुरला धीर गेला, कारण हे कधी मुकाट्याने काही करत नाहीत.

दवाखान्यातले डॉक्टर गुजराती होते, वयाने माझ्या मुलीएवढे. त्यांनी छातीला नळी लावली, पाय दाबून बघितले आणि विचारलं, हे कधीपासून होतंय? "बे-चार दिवस," हे म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग ह्यांना कार्डिओग्रामसाठी आत नेलं आणि मला म्हणाले, काकी, नक्की दिवस कळले तर मला औषध ठरवायला बरं पडेल.

नक्की दिवस माझ्या पर्समध्ये होते. मी वही काढली. द्यायच्या आधी तिचं पहिलं पान फाडून घेतलं, ज्यावर कुत्रा, गाडी आणि मूल होतं, आणि सगळ्यात खाली तो पहिला 'हो', तारखेसकट. बाकीची वही त्यांच्या हातात दिली. ते एकेक पान वाचत गेले. जिन्यात थांबणं, मोज्यांचे वळ, टाकलेलं जेवण. वाचता वाचता ते टेबलाशी सरकून बसले. मग माइकवर बोलले त्या दुपारचं पान उलटलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुढे सगळीकडे 'बरा आहे' लिहिलेलं होतं.

"आ पछीनुं खोटुं छे," मी म्हटलं. यापुढचं खोटं आहे.

"अने आगळनुं?"

"आगळनुं साचुं छे."

आधीचं खरं आहे. हे माझ्या तोंडून गेलं आणि मीच ते ऐकलं. आधीचं तर मी बनवलं होतं. ओट्याशी बसून, मिक्सरसाठी. पण बनवलं कशातून? जिन्यातली थांबलेली पावलं मी तेव्हाही ऐकत होते. धुवायला टाकलेल्या मोज्यांच्या वरच्या कडेवर ताणलेलं इलॅस्टिक मी रोज बघत होते. गौरीच्या दिवशी ह्यांनी पुरणपोळी अर्धी टाकली आणि ती मीच उचलली होती. मला सगळं दिसत होतं. ते फक्त कोणी विचारलं नव्हतं, आणि ज्याने विचारलं त्याला मी खोटं समजून खरं सांगत बसले.

"आटला दिवस घरे केम बेसी रह्या?" डॉक्टरांनी विचारलं. रागावले नव्हते, नुसतं विचारत होते. इतके दिवस घरी का बसलात? मला खूप रडू आलं. घरी बसून मी त्यांना बरं लिहीत होते, हे कोणत्या भाषेत सांगू?

ह्यांची एक शीर बंद होती ती उघडली. आठ दिवस आम्ही दवाखान्यात काढले. हृदयाचा एक भाग कमजोर राहील, थोडं आधी आला असतात तर कदाचित वाचला असता, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते 'कदाचित' मी उशाशी घेऊन झोपते.

चौथ्या दिवशी हे उठून बसले, चहा प्यायले आणि डॉक्टरांकडून कळलेली ती वही मागितली. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी सावकाश वाचली. "तू हे सगळं बघत होतीस?" ते म्हणाले.

"बघत होते."

"मला वाटलं तुझं लक्ष नसतं. दिवसभर मोबाइलमध्ये असतेस." त्यांनी अजून दोन पानं उलटली. "मी मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर थांबून श्वास खाली बसवायचो. वर येऊन तुझ्यासमोर धापा टाकायला नको म्हणून."

"कधीपासून?"

"गणपती आणला त्या दिवशी पहिल्यांदा. मूर्ती हातात होती, खाली ठेवता येईना. त्याच्या आधी काही नव्हतं, देवाशपथ. त्याच्या आधी मी ठणठणीत होतो."

मी खिडकीबाहेर बघितलं. फाडलेल्या पानावरची तारीख गणपतीच्या आठ दिवस आधीची होती.

बाकी सगळ्याला कारण सापडलं होतं. पावलांना, मोज्यांना, पुरणपोळीला. त्या एका 'हो'ला सापडलं नाही. मुलगी म्हणेल, शिरा काय आठ दिवसांत बंद होतात होय आई, ते वर्षानुवर्षं चाललेलं असतं. मी स्वतःलाही हेच सांगते. तरी ते पान पर्सच्या आतल्या कप्प्यात घडी करून ठेवलेलं आहे. जाळायची भीती वाटते, ठेवायचीही वाटते.

मिक्सरचं कूपन मिळालं नाही, शेवटच्या नोंदी राहिल्या. भांडं अजून गळतं. दुसऱ्या मजल्यावर समोरच्या सुनेने एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, तिथे पाच मिनिटं बसायचं आणि मग वर यायचं. हे आधी चिडले, आता बसतात. पुढच्या खंडेनवमीला, म्हणजे यंदा, तलवार जावयाने उतरवली. हे खुर्चीवरून त्याला सूचना देत होते.

परवा सकाळी हे कोथिंबीर आणायला गेले होते आणि फोन वाजला. अ‍ॅप काढून टाकायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. नवीन सर्वेक्षण उपलब्ध. मी उघडलं. "आपल्या घरात हृदयरोगाचा रुग्ण आहे का?" आता मी पात्र होते. वय खरं, नातं खरं, औषधांचा डबा समोर ओट्यावर. एकही उत्तर बनवायला नको होतं.

खाली जिन्यात पावलं वाजली. पहिला मजला. दुसरा. तिथे थांबली आणि खुर्ची करकरली. मी 'नाही' दाबलं. मग तोंडानेही म्हटलं, नाही, आमच्या घरात कोणी आजारी नाही, चारही भिंतींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. पडद्यावर आलं, क्षमस्व, आपण पात्र नाही. मी फोन पालथा ठेवला आणि दाराशी जाऊन पावलं पुन्हा सुरू व्हायची वाट बघत उभी राहिले.